संगणकाची स्मृति आणि मर्यादेचे आंकडे

"अंथरूण पाहून पाय पसरावे" ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों आहोंत. तिच्यांत दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. अंथरुणाची लांबी ठाऊक आहे ही एक, आणि पाय पसरणारा माणूस ती लांबी पाहण्याची तसदी घेतो ही दुसरी. आज ज्या विषयावर मी बोलणार आहें त्या विषयांत या दोहोंपैकीं एकहि गोष्ट गृहीत धरतां येत नाहीं, आणि म्हणूनच त्याचा इतिहास सांगण्यासारखा झाला आहे. संगणकाच्या स्मृतीचा कारभार कांहीं थोड्या आंकड्यांवर चालतो. ते आंकडे माणसाला बदलतां येतात. बदललेला आंकडा स्वीकारण्यापूर्वीं तो योग्य आहे कीं नाहीं हें कोणी व कसें पाहावें, हा आजचा विषय.

प्रथम शब्दांचा खुलासा करतों. संगणक सुरू झाला म्हणजे त्याचा ताबा घेणारा आणि तो बंद होईपर्यंत ताबा न सोडणारा असा एक कार्यक्रम असतो. त्यास कर्नल म्हणतात. लष्करांतील कर्नलाशीं त्याचें कांहीं नातें नाहीं. फळाच्या कवचांतील गर या अर्थाचा तो इंग्रजी शब्द आहे, आणि मराठींत त्याला गाभा म्हणावयास हरकत नसावी. पत्रें लिहिण्याचे, हिशेबाचे, चित्रें दाखविण्याचे असे बाकीचे सारे कार्यक्रम या गाभ्याच्या आश्रयानें राहतात. कोणाला किती स्मृति द्यावयाची, कोणाकडून ती परत घ्यावयाची, कोणाचा मजकूर तात्पुरता तबकडीवर नेऊन ठेवावयाचा, हें सर्व तो ठरवितो. स्मृति म्हणजे व्यवहारांत ज्याला आपण मेमरी म्हणतों ती. वीज गेली कीं ती पुसली जाते, पण तबकडीच्या मानानें ती फारच वेगवान असते. आणि म्हणून सर्वांना तिच्यांतच जागा हवी असते.

हा कारभार चालविण्यास कर्नलाला कांहीं प्रमाणें ठरवून द्यावीं लागतात. अडचणीच्या वेळेसाठीं किती जागा रिकामी राखावी? तबकडीवर लिहावयाचा मजकूर स्मृतींत किती सांचूं द्यावा? जवळ आहे त्याहून अधिक जागेचें वचन कार्यक्रमांना द्यावें काय? या प्रश्नांचें उत्तर खिशांतल्या दूरध्वनीला एक आणि मोठ्या पेढीच्या संगणकाला दुसरें. म्हणून कर्नल बांधणारे लोक कांहीं आंकडे मोकळे ठेवतात आणि यंत्राची व्यवस्था पाहणाऱ्या माणसानें ते आपल्या गरजेप्रमाणें बदलावे अशी सोय करतात.

सोय आली कीं तिच्या मागोमाग धोका येतो. साध्या कार्यक्रमाची चूक झाली तर कर्नल त्याला बाहेर काढतो आणि बाकीच्यांचें काम चालू राहतें. पण कर्नलाच्याच आंकड्यांत चूक शिरली तर दाद मागावयास वर कोणी नसतें. सगळें यंत्र अडतें, आणि त्याच्याबरोबर त्यावर अवलंबून असलेलें रुग्णालयाचें नोंदणीपुस्तक किंवा आगगाडीच्या तिकिटांची खिडकीहि अडते. एका आंकड्यावर एवढा भार असतो.

आतां इतिहासाकडे वळूं. या कथेचा आरंभ इंग्लंडांतील मँचेस्टर येथें होतो. १९५० नंतरच्या दशकांत संगणकांना दोन प्रकारची स्मृति असे. एक चुंबकीय कड्यांची. ती वेगवान पण महाग, म्हणून थोडी. दुसरी फिरत्या चुंबकीय ड्रमची. ती स्वस्त आणि पुष्कळ, पण मंद. ड्रमवरचा मजकूर केव्हां आणावयाचा आणि केव्हां परत ठेवावयाचा याची चिंता कार्यक्रम लिहिणाऱ्यालाच वाहावी लागे. मँचेस्टर विद्यापीठांत टॉम किलबर्न आणि त्यांचे सहकारी यांनीं फेरांटी कंपनीच्या साहाय्यानें ॲटलस नांवाचा संगणक बांधला. डिसेंबर १९६२ मध्यें त्याचें उद्घाटन झालें. या यंत्रानें ती चिंता माणसाच्या डोक्यावरून काढून स्वतःकडे घेतली. स्मृतीचीं सारख्या मापाचीं पानें पाडलीं. एका पानांत ५१२ शब्द. वेगवान स्मृति १६,३८४ शब्दांची, म्हणजे ३२ पानांची. ड्रम ९८,३०४ शब्दांचा, म्हणजे १९२ पानांचा. कार्यक्रम लिहिणाऱ्याला मात्र दोन्ही मिळून एकच सलग कोठार दिसे. हवें तें पान वेगवान स्मृतींत नसलें तर यंत्र तें आपण होऊन ड्रमवरून आणी.

या योजनेंत एक बारीक पण महत्त्वाची दूरदृष्टि होती. वेगवान स्मृतींतील एक पान नेहमीं रिकामें ठेवण्याचा प्रयत्न यंत्र करी. कारण उघड आहे. आलेल्या पाहुण्याला बसवावयाचें तर पाट आधीं रिकामा हवा. तो आल्यावर कोणाला उठवावें याचा विचार करीत बसलें तर सर्वांचाच खोळंबा होतो. ३२ पानांत एक पान राखीव, हा स्मृतीच्या कारभारांतील एक फार जुना आंकडा आहे. तो योग्य आहे कीं नाहीं हें तपासण्याची निराळी व्यवस्था तेथें नव्हती, आणि तिची गरजहि नव्हती. आंकडा ठरविणारे, यंत्र बांधणारे आणि त्याचे परिणाम पाहणारे लोक एकाच मंडळींतले होते. पुढें हीं माणसें एकमेकांपासून दूर होत गेलीं, आणि तपासणीचा प्रश्न तेथून उद्भवला.

परंतु तत्पूर्वीं आणखी एक धडा शिकावयाचा होता. १९६० नंतरच्या दशकांत एकाच यंत्रावर एकाच वेळीं अनेक कार्यक्रम चालूं लागले, तेव्हां एक चमत्कारिक विकार आढळून आला. कार्यक्रमांची संख्या एका मर्यादेपुढें गेली कीं यंत्राचें काम हळूहळू कमी न होतां एकाएकीं कोसळे. लग्नघरीं चुली चार आणि आचारी दहा असले म्हणजे काय होईल याची कल्पना करावी. प्रत्येक जण दुसऱ्याचें पातेलें उतरवून आपलें चढवितो. सारा वेळ चढविण्याउतरविण्यांत जातो आणि शिजत कांहींच नाहीं. या विकारास थ्रॅशिंग म्हणतात. पीटर डेनिंग या अमेरिकन संशोधकानें १९६८ मध्यें त्याची कारणमीमांसा केली. प्रत्येक कार्यक्रमाला नजीकच्या काळांत ज्या पानांची गरज पडली तीं पानें म्हणजे त्याचा चालू संच; तेवढी जागा देतां येत नसेल तर त्याला पंक्तीला बसवूंच नये, असा त्याचा निष्कर्ष होता. मात्र "नजीकचा काळ" म्हणजे किती, हाहि पुन्हां एक आंकडाच, आणि तो कोणीतरी ठरवावयास हवा!

आंकडा ठरविणाऱ्याची सामान्य समजूत अशी असते कीं, अधिक दिलें म्हणजे अधिक चांगलें. १९६९ मध्यें आय. बी. एम. कंपनींतील लास्लो बेलाडी आणि त्याचे दोन सहकारी यांनीं या समजुतीला धक्का दिला. जें पान सर्वांत आधीं आलें तेंच सर्वांत आधीं बाहेर काढावयाचें, असा सरळ नियम घ्या. एक कार्यक्रम पानें पुढील क्रमानें मागतो असें समजा: १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५. एकूण बारा मागण्या. स्मृतींत तीन पानांची जागा असेल तर यांपैकीं नऊ वेळां पान बाहेरून आणावें लागतें. आतां जागा वाढवून चार पानांची करा. खेपा कमी व्हाव्या अशी आपली अपेक्षा. पण त्या होतात दहा! कागद-पेन्सिल घेऊन श्रोत्यांनीं हें स्वतः करून पाहावें. जागा वाढली आणि त्रासहि वाढला. नियम बदलला तर हा प्रकार होत नाहीं, हें खरें. पण धडा कायमचा आहे. यंत्राच्या आंकड्यांच्या बाबतींत माणसाची सहजबुद्धि हा पुरेसा पुरावा नव्हे.

आतां आपण अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत येऊं. तेथें जन्मलेल्या युनिक्स या व्यवस्थेची सहावी आवृत्ति १९७५ मध्यें निघाली आणि अनेक विद्यापीठांत पोंचली. आंकडा ठरविणारा आणि यंत्र वापरणारा यांची ताटातूट आतां झाली होती. युनिक्सच्या कर्त्यांनीं महत्त्वाचे आंकडे एका लहानशा मूळ लेखांत एकत्र मांडले होते. एकाच वेळीं चालणारे कार्यक्रम ५०, उघडलेल्या लेखांच्या नोंदी १००, तबकडीवरील मजकूर तात्पुरता धरण्याचे खण १५, असे ते आंकडे होते. आजच्या मानानें ते खेळण्यांतले वाटतील; पण त्यांची मांडणी विचारपूर्वक होती. त्यांचे निरनिराळे गट पाडून प्रत्येकावर एक मथळा घातला होता. पहिला गट गरजेप्रमाणें बदलण्याजोग्या आंकड्यांचा. दुसरा अग्रक्रमाच्या आंकड्यांचा; ते बहुधा फारसे बदलूं नयेत अशी त्यावर सूचना होती. आणखी एक गट मूलभूत स्थिरांकांचा. ते बदलतां येणार नाहींत असें त्यावर स्पष्ट लिहिलें होतें.

पण या मथळ्यांमागें कोणतेंहि बळ नव्हतें. ती पाटी होती, कडी नव्हती. ५० च्या जागीं कोणी ५,००० लिहिले तर त्याला अडविणारें कोणी नव्हतें. तरीहि ही व्यवस्था बऱ्याच अंशीं निभावली, याचें कारण आंकडा बदलण्याची रीतिच कष्टाची होती. मूळ लेख उघडावा, आंकडा बदलावा, कर्नल पुन्हां नव्यानें जुळवावा, यंत्र बंद करून सुरू करावें, एवढा खटाटोप करणारा माणूस तो लेख थोडाबहुत वाचलेला असे. कष्ट हाच त्या काळचा राखणदार होता.

राखणदाराला हुद्दा आणि नियम देण्याचें काम डिजिटल या कंपनीच्या व्ही. एम. एस. या व्यवस्थेंत चांगलें झालेलें दिसतें. या कंपनीचा व्हॅक्स संगणक १९७७ मध्यें जाहीर झाला आणि त्याबरोबरची ही व्यवस्था पुढल्या वर्षीं बाहेर पडली. तींत आंकडे पाहण्याचें व बदलण्याचें एक स्वतंत्र साधन होतें. त्याला एखाद्या आंकड्याविषयीं विचारलें तर तें पूर्ण कुंडलीच मांडी: आज चालू असलेला आंकडा, कारखान्यानें दिलेला मूळ आंकडा, कमींत कमी किती चालेल, जास्तींत जास्त किती चालेल, त्याचें माप काय, आणि यंत्र चालू असतांना तो बदलतां येतो कीं नाहीं. मर्यादेबाहेरचा आंकडा दिला तर साधन तो नाकारी.

यांत दोन गोष्टी विशेष ध्यानांत घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी कीं, ही तपासणी बंद करण्याचीहि आज्ञा त्या साधनांत होती. ज्याला आपण काय करीत आहों हें खरोखर कळतें, त्याला दार उघडें. पण तें त्यानें बोलून उघडावें लागे, चुकून उघडत नसे. दुसरी गोष्ट याहून मोलाची. आंकडे चुकून यंत्र सुरूच होईनासें झालें, तर आरंभींच त्याला थांबवून "मूळचे आंकडे घे" असें सांगतां येई. म्हणजे बांधणाऱ्यांनीं असें गृहीत धरलें होतें कीं, तपासणी कितीहि चांगली असली तरी एखादे दिवशीं ती फसेल, आणि त्या दिवशीं परतीची वाट असली पाहिजे. या व्यवस्थेंतील ही विनयशीलता मला फार शहाणपणाची वाटते.

यानंतर काळ पालटला. कॅलिफोर्नियांतील बर्कले विद्यापीठाच्या युनिक्सच्या १९९३ मधील आवृत्तींत सिस्-कंट्रोल नांवाची सोय आली, आणि १९९६ मध्यें ती लिनक्स या कर्नलांत घेण्यांत आली. लिनक्सची वार्ता फिनलंडांतील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ मध्यें प्रथम दिली होती. आज ॲन्ड्रॉइडच्या दूरध्वनींत तोच कर्नल असतो. म्हणून मुंबईच्या लोकल गाडींत उभ्या असलेल्या असंख्य लोकांच्या खिशांत, त्यांस ठाऊक नसतां, तो आहे. या नव्या सोयीनें आंकडे चालत्या यंत्रांत बदलतां येऊं लागले. मूळ लेख उघडणें नको, कर्नल जुळविणें नको, यंत्र बंद करणें नको. एक ओळ लिहिली कीं पुढच्या क्षणापासून नवा आंकडा लागू. कष्टरूपी राखणदार येथें निवृत्त झाला. त्याची जागा घेणारी तपासणी आतां अक्षरांनीं लिहिलेली, म्हणजे कर्नलाच्या आंतच बसविलेली, असणें भाग होतें.

ती तपासणी वरवर अगदीं साधी दिसते. आलेला मजकूर अंकांचा आहे काय? असल्यास त्याची संख्या करावी. ती ठरलेल्या किमान व कमाल मर्यादांमध्यें बसते काय? बसल्यास ठेवावी; न बसल्यास परत पाठवावी आणि जुना आंकडा तसाच राहूं द्यावा. लिनक्समध्यें या कामाचें एक सामाईक यंत्र आहे. निरनिराळे आंकडे आपापल्या मर्यादा त्याच्या स्वाधीन करतात. इतकें सोपें काम, त्यांत चुकण्यासारखें काय आहे, असें कोणासहि वाटेल. २०१९ मध्यें जें घडलें तें यासाठींच सांगण्यासारखें आहे.

संपूर्ण यंत्रांत मिळून किती लेख उघडावे याची एक मर्यादा असते. उघडलेला प्रत्येक लेख कर्नलाची थोडी स्मृति खातो, म्हणून ही मर्यादा म्हणजे एका अर्थीं स्मृतीचेंच कुंपण होय. या ठिकाणीं कोणी १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६ ही संख्या लिहिली तर काय होई? ही संख्या चौसष्ट द्विमान अंकांच्या खणांत बसत नाहीं. नेमकी एकानें अधिक होते. गाडीच्या अंतरमापकाचे सगळे नऊ फिरून पुन्हां शून्यें यावींत, तसें होऊन मर्यादा शून्य होई. माणसानें मागितलें अफाट, आणि यंत्रानें ऐकलें "कांहींहि उघडूं नका." थोड्याच वेळांत सारी व्यवस्था कोलमडे. चूक ध्यानांत आल्यावर सुधारणा झाली आणि या आंकड्याला खालची व वरची मर्यादा नेमून देण्यांत आली.

पण कथा येथें संपली नाहीं. खालची मर्यादा अर्थातच शून्य. तें शून्य ज्या खणांत ठेवलें होतें तो खण लहान, चार बाइटांचा होता. आणि तपासणारें यंत्र तें आठ बाइटांचा खण समजून वाचीत होतें. म्हणजे राखणदार स्वतःची मोजपट्टी वाचतांना शेजारच्या घरांतले अंकहि तिच्यांत धरीत होता! स्मृतीच्या सीमा ओलांडून होणारें वाचन पकडणारें दुसरें एक साधन होतें, त्यानें ही गोष्ट उघडकीस आणली, आणि त्याच वर्षीं तीहि दुरुस्त झाली.

त्यानंतर तिसरी उणीव निघाली. या प्रकारच्या मोठ्या आंकड्यांच्या बाबतींत, मर्यादेबाहेरची संख्या आली तर कर्नल ती स्वीकारीत नसे, पण तसें सांगतहि नसे. आज्ञा यशस्वी झाली असाच लिहिणाऱ्याचा समज होई, आणि जुना आंकडा मुकाट्यानें चालू राही. नकार देणें आणि नकार कळविणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. न कळविलेला नकार हा एक प्रकारचा असत्याचाच व्यवहार होय. कारण मर्यादा वाढली असें समजून माणूस पुढची सारी आखणी करतो आणि ऐन वेळीं तोंडघशीं पडतो. २०१९ मध्येंच हेंहि बदललें, आणि नकार स्पष्ट शब्दांत परत जाऊं लागला. तीन सुधारणा, एक वर्ष, आणि विषय काय, तर एक संख्या दोन संख्यांच्या मध्यें आहे कीं नाहीं!

आतांपर्यंत एकट्या संख्येविषयीं बोललों. पण संख्या एकटी क्वचितच असते. लिनक्समध्यें स्मृतीच्या वचनांविषयीं एक आंकडा आहे. त्याचीं तीनच मूल्यें, शून्य, एक आणि दोन. सावकार पेटींतल्या रोकडीहून अधिक रकमेच्या हुंड्या देतो, कारण सर्व हुंड्या एकाच दिवशीं वटावयास येत नाहींत हें त्याला अनुभवानें ठाऊक असतें. कर्नलहि असेंच करतो. शून्य म्हणजे अदमासानें वचनें द्यावीं आणि उघड अतिरेक तेवढा टाळावा. एक म्हणजे कोणासहि नाहीं म्हणूं नये. दोन म्हणजे ठरलेल्या मर्यादेबाहेर एकहि वचन देऊं नये. ही मर्यादा दुसऱ्या एका आंकड्यावरून निघते. तो बहुधा ५० असतो. म्हणजे स्मृतीचा शेंकडा पन्नास भाग, अधिक तबकडीवर राखलेली पर्यायी जागा.

एखाद्या यंत्रांत १६ गिगाबाइट स्मृति आहे आणि तबकडीवर पर्यायी जागा मुळींच नाहीं, असें समजा. वचनें आधींच १० गिगाबाइटांचीं देऊन झालीं आहेत. अशा वेळीं व्यवस्थापक शिस्तीच्या ओढीनें शून्याच्या जागीं दोन लिहितो. दोन हा आंकडा मर्यादेंत आहे. तपासणी त्याला सन्मानानें आंत घेते. पण नवी मर्यादा पडते सुमारें ८ गिगाबाइटांची, आणि वचनें आहेत दहांचीं. त्या क्षणापासून नवी मागणी नाकारली जाते. चूक सुधारण्यासाठीं नवा कार्यक्रम चालवूं म्हटलें तर त्यालाहि जागा मिळेलच असें नाहीं. आंकडा निर्दोष, आंकड्यांची जोडी निर्दोष, पण त्या यंत्राच्या त्या वेळच्या स्थितीशीं त्यांचा मेळ नाहीं. केवळ किमान आणि कमाल पाहणारी तपासणी ही गोष्ट पकडूं शकत नाहीं.

आणि आतां ॲटलसच्या त्या एका रिकाम्या पानाकडे परत येऊं. त्याचा वंशज लिनक्समध्यें आजहि आहे. आणीबाणीसाठीं किती किलोबाइट स्मृति मोकळी राखावी, असा तो आंकडा आहे. तो १,०२४ पेक्षां कमी केला तर यंत्र सूक्ष्म रीतीनें बिघडतें आणि भार वाढला म्हणजे जागच्या जागीं अडकून बसण्याचा संभव असतो. कारण स्मृति मोकळी करावयाची तरी त्या कामासाठींच थोडी स्मृति लागते. उलट तो फार मोठा केला तर स्मृति संपली असें समजून कर्नल तत्काळ कार्यक्रमांना मारूं लागतो. कर्नलाबरोबरच्या माहितीपत्रकांत हे दोन्ही इशारे दिलेले आहेत. कर्नल स्वतः यंत्राची स्मृति पाहून हा आंकडा काढतो तेव्हां तो खालची आणि वरची अशा दोन्ही मर्यादा पाळतो. माणसानें दिलेल्या आंकड्याला मात्र शून्याखालीं जाऊं नये एवढीच अट आहे. इशारा कागदावर आहे, दारावर नाहीं.

हें असें कां, याचें उत्तर देतांना दोन पक्ष पडतात. एक म्हणतो कीं, व्यवस्थापकाला आपलें यंत्र आपणांहून अधिक ठाऊक आहे. त्याचे हात बांधूं नयेत. दुसरा म्हणतो कीं, जो आंकडा कोणत्याहि यंत्रावर कधींच हितकर ठरणार नाहीं तो स्वीकारण्यांत स्वातंत्र्य कसलें? मला दोन्ही पक्षांत तथ्य दिसतें. मर्यादाहि कालमानानें चुकीच्या ठरतात, हें पहिल्या पक्षाच्या बाजूनें सांगतां येईल. कार्यक्रमांचा मजकूर तबकडीवर हलविण्याकडे कर्नलाचा कल किती असावा, याचा एक आंकडा लिनक्समध्यें आहे. त्याचें मूळ मूल्य ६० आणि कमाल मर्यादा अनेक वर्षें १०० होती. फिरत्या तबकड्यांच्या काळांत ती योग्य होती. पुढें अतिवेगवान साधनें आलीं, मजकूर दाबून स्मृतींतच ठेवण्याच्या युक्त्या निघाल्या, आणि तो असा हलविणें कधींकधीं मूळ लेख पुन्हां वाचण्यापेक्षां स्वस्त पडूं लागलें. तेव्हां २०२० मध्यें ती मर्यादा २०० करण्यांत आली. कालची कडी आजची अडचण झाली होती.

यावरून मला असें वाटतें कीं, प्रत्येक मर्यादा हा एका पूर्वानुभवाचा लेख आहे. कोणाचें तरी यंत्र कधींतरी अडलें, म्हणून तेथें किमान आंकडा आला. कोणाची तरी संख्या फिरून शून्य झाली, म्हणून तेथें कमाल आंकडा आला. तो अनुभव जोंवर स्मरणांत आहे तोंवर मर्यादेला अर्थ आहे, आणि परिस्थिति बदलली तर ती समजून उमजून हलवितां येते. कारण विसरलें आणि आंकडा तेवढा उरला, म्हणजे मर्यादा ही निव्वळ रूढि होऊन बसते; मग ती पाळणाराहि आंधळा आणि मोडणाराहि आंधळा. म्हणून जो मर्यादा घालील त्यानें तिच्या शेजारीं तिचें कारणहि लिहून ठेवावें.

साठ वर्षांच्या या इतिहासांतून राखणदारानें विचारावयाचे प्रश्न आतां स्पष्ट झाले आहेत. आलेली गोष्ट खरोखर संख्या आहे काय आणि खणांत मावते काय? ती मर्यादेंत आहे काय? शेजारच्या आंकड्यांशीं तिचें जमतें काय? या यंत्राच्या आजच्या स्थितीला ती मानवेल काय? नकार द्यावा लागला तर तो मोठ्यानें दिला जातो काय? राखणदाराची स्वतःची मोजपट्टी कोणी तपासली आहे काय? आणि इतकेंहि करून फसगत झालीच तर परत फिरण्याची वाट मोकळी आहे काय?

मँचेस्टरच्या मंडळींना यांतला एकहि प्रश्न विचारावा लागला नाहीं, कारण त्यांचें अंथरूण ३२ पानांचें होतें आणि तें त्यांनीं स्वतःच्या हातानें घातलें होतें. आपल्या काळीं अंथरूण एक घालतो, त्यावर दुसरा निजतो, आणि पाय किती पसरावे हा आंकडा तिसराच लिहितो. अशा वेळीं या तिघांच्या मध्यें उभी राहणारी ती लहानशी तपासणी हीच आपल्या भरंवशाची जागा आहे. तिच्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. तें जावें, एवढ्यासाठीं हीं चार गोष्टींची आठवण आपणांस दिली.